चिठ्ठ्या पोचवणं बंद करा

आदरणीय बाई, सलाम.

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, चर्च आहे. सव्वाशे-दीडशे कुटुंबं. मी चार वर्षं कमिटीचा सेक्रेटरी आहे. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, दोन वर्षांपूर्वी बदलून आले. तरुण आहेत, गातात, कीबोर्ड वाजवतात, तरुण संघ त्यांच्यामागे आहे. खजिनदार म्हणजे आमचे सर. शाळेतून निवृत्त झालेत, अठरा वर्षं हिशेब त्यांच्याकडे आहे, एका रुपयाचा घोळ नाही. गेल्या सुगीच्या सणाला लिलाव चालू असताना पाळकसाहेबांनी माइकवरून जाहीर केलं की दर शनिवारी संध्याकाळी चर्चचा हॉल तरुणांना गाण्याच्या सरावासाठी मोफत. त्यातल्याच एका शनिवारी सरांनी लग्नाच्या जेवणासाठी हॉल दिला होता, पावतीही फाडली होती. सर जागेवरून उठून बोलले, पाळकसाहेब माइकवरून बोलले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे. एकमेकांना काही सांगायचं झालं तर ते माझ्यामार्फत. मंडळीतही दोन तट पडलेत. महिला मंडळाच्या दोन सभा कोरमअभावी झाल्या नाहीत. पहिल्या रविवारी प्रभुभोजन (भाकर-प्याल्याचा विधी) सुरू व्हायच्या आत सर उठून घरी जातात. सरांकडचे काही जण धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करायचं म्हणतायत. ऐक्यासाठी तीन दिवसांची उपास-प्रार्थना ठेवावी, बाहेरून चांगला वक्ता बोलवावा असं माझ्या मनात आहे. विषय कोणता ठेवावा?

– एक सेक्रेटरी

*

बंधू, सलाम.

उपास-प्रार्थना आत्ता ठेवू नका. पाळकाच्या घरात वाढलेल्या बाईनं असं म्हणावं याचं तुम्हाला नवल वाटेल, म्हणून आधी त्याचंच सांगते.

भांडण ताजं असताना ठेवलेल्या ऐक्याच्या प्रार्थनासभा मी खूप पाहिल्यात. कुणीतरी उभं राहतं आणि डोळे मिटून म्हणतं, ‘हे प्रभू, ज्यांच्या मनात मोठेपणाचा गर्व आहे त्यांना तू नम्र कर.’ लगेच अर्धी मंडळी एक डोळा किलकिला करून सर कसे बसलेत ते बघते. मग दुसऱ्या बाजूचं कुणी उठतं आणि ‘जे तुझ्या मंदिराला नाटकशाळा करू पाहतात’ त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. अशी टोमण्याची प्रार्थना मीही केलेली आहे, आणि ती करताना आवाज फार गोड लागतो. वक्ते येतात. भावांनी एकोप्यानं राहणं किती रम्य, ते स्तोत्र १३३ घेतात. अहरोनाच्या दाढीवरून ओघळणारं तेल सगळ्यांना पाठ असतं. वक्ते जेवतात, पाकीट घेतात, शेवटची एसटी पकडतात. दुसऱ्या दिवशी दोन्ही तट म्हणतात, ‘काय बरोबर सुनावलं त्यांना!’

तुमच्या गावात सध्या प्रार्थनेची टंचाई नाही. टंचाई आहे ती दोन माणसांनी एका टेबलाशी बसण्याची. आणि ते का बसत नाहीत, याचं एक कारण तुम्ही आहात. रागावू नका, पुढे वाचा.

मी नऊ वर्षांची असताना वडील प्रवरेकाठच्या एका गावी पाळक होते. आमच्या घराची कौलं गळायची. पैसे पंचांच्या हातात आणि पंचांतले मोठे म्हणजे गुळाचे व्यापारी. त्यांचं आणि वडिलांचं कधीतरी काहीतरी बिनसलं होतं. कशावरून ते मला आजही माहीत नाही. वडील चिठ्ठी लिहायचे, ‘सलाम. कौलांचं काय झालं?’ ती घेऊन मी ओढा ओलांडून पलीकडे जायची. ते त्याच चिठ्ठीच्या पाठीवर लिहायचे, ‘पैसे आल्यावर.’ तिथं मला गुळाचा खडा मिळायचा. घरी आले की आई पाठीवरून हात फिरवायची, पोर बिचारी उन्हातून आली म्हणून. आणि वडील विचारायचे, ‘म्हणाले कसे?’ मग मी करून दाखवायची. त्यांनी चष्मा कसा वर केला, ‘हं’ कसं केलं, कागद कसा भिरकावला. भिरकावला नव्हता, नुसता पुढे केला होता. पण वडील इतकं लक्ष देऊन बघायचे की मला जोर चढायचा. तिकडे गेले की वडिलांची नक्कल. खरं सांगायचं तर ते भांडण मला आवडत होतं. दोन मोठी माणसं माझी वाट बघायची.

मग मला गोवर आला. दहा-बारा दिवस मी अंथरुणात. त्यात पाऊस लागला आणि माझ्याच खाटेवर पाणी गळायला लागलं. एका संध्याकाळी वडील छत्री घेऊन स्वतः निघाले. बऱ्याच वेळानं दोघेही आले, एकमेकांशी चढ्या आवाजात बोलतच. शिडी लावली, गुळाचे व्यापारी धोतर खोचून छपरावर चढले आणि फुटकी कौलं मोजली. सदतीस भरली. इतके महिने त्यांची समजूत अशी होती की पाळकसाहेबांना सगळं छप्पर नवं करून हवंय. आणि वडिलांची समजूत अशी की यांना एकही कौल बदलायचं नाही. सदतीस हा आकडा कुठल्याच चिठ्ठीत नव्हता. आठवड्यात कौलं बसली. पुढे ते मित्र वगैरे झाले नाहीत. वडिलांची बदली झाली तेव्हा ते निरोपाला आले, हार घातला, जेवायला मात्र थांबले नाहीत.

तुम्हाला कुणी गुळाचा खडा देत नसेल, पण पाळकसाहेबांच्या व्हरांड्यातला चहा आणि सरांच्या ओट्यावरचा चहा तुम्हाला मिळतो, आणि दोन्हीकडे ‘तुम्ही आहात म्हणून चाललंय’ हे ऐकायला मिळतं. खरंच चाललंय तुमच्यामुळे, आणि हीच अडचण आहे. तुम्ही आहात म्हणून त्यांना एकमेकांचं तोंड बघायची गरज पडत नाही. तुम्ही नक्कल करत नसाल, पण निरोपाला माणसाचा चेहरा लागतोच. आणखी एक. तुमच्या पत्रात खजिनदार ‘आमचे सर’ आहेत आणि पाळकसाहेब ‘बदलून आले’ आहेत. हे तुम्ही मुद्दाम लिहिलं नसणार. पण पाळकसाहेबांना ते तुमच्या बोलण्यात ऐकू येत असेल.

तेव्हा या रविवारपासून निरोप बंद. कुणीही काही सांगितलं की दोघांना एकच उत्तर द्या: ‘हे तुम्हीच त्यांना सांगा, मी सोबत येतो.’ पहिले पंधरा दिवस कामं अडतील. विजेचं बिल राहील, डायसिसचं (बिशपांच्या विभागाचं) पत्र टेबलावर पडून राहील. राहू द्या.

बायबलमध्ये फिलिप्पै शहरातल्या मंडळीत युवदिया आणि सुंतुखे या दोन बायकांचं फाटलं होतं. कशावरून, ते त्या मंडळीला पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगत नाही. पण ‘विनंती करतो’ हे शब्द तो दोनदा वापरतो, एकदा हिच्यासाठी, एकदा तिच्यासाठी. एकाच क्रियापदात दोघींना गुंडाळलं असतं तर ‘आधी तिचं नाव का’ हा नवा वाद उभा राहिला असता, हे त्याला मंडळ्या चालवून कळलेलं होतं. मग तो तिसऱ्याच एका सोबत्याला सांगतो की या दोघींना मदत कर. त्या सोबत्याच्या जागी तुम्ही आहात. मदत म्हणजे एकीचं म्हणणं दुसरीला कळवणं नव्हे, एवढं मात्र त्यात धरा.

आता मूळ भांडण. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात पायऱ्या दिल्यात: आधी एकट्यानं एकट्याला सांग, नाही ऐकलं तर एक-दोघांना सोबत ने, तरी नाही तर मंडळीला कळव. तुमच्याकडे हे उलटं झालं. पहिलीच पायरी माइक. भोपळ्याचा लिलाव चालू आहे, अंड्यांची टोपली पुढे आहे, सगळं गाव हजर आहे आणि त्यात दोन जबाबदार माणसं एकमेकांना खोटं पाडतायत. सरांना लागलं ते शनिवारचं नव्हे. आपण फाडलेली पावती, आपण दिलेला शब्द चारचौघांत रद्द झाला, ते लागलं. अठरा वर्षं पावती फाडणाऱ्याला पावती म्हणजे काय असते, ते तरुण पाळकाला चटकन कळणार नाही. आणि पाळकसाहेबांना वाटलं असणार की आपण या चर्चचे पाळक, आपल्याला एक हॉल द्यायचाही अधिकार नाही का? त्यांच्या बाजूनं पाहिलं तर तेही लागण्यासारखं आहे. पोरं संध्याकाळी चर्चच्या आवारात यावीत, पुलावर बसू नयेत, यासाठी ते धडपडतायत.

यातलं भक्तीचं किती आणि व्यवहाराचं किती? माझ्या मते चार आणे भक्ती, बारा आणे व्यवहार. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय काढा. यरुशलेमेत नवी मंडळी वाढत होती आणि कुरकुर सुरू झाली: ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातंय. बारा प्रेषित तिथं हजर होते. त्यांना ऐक्यावर प्रवचन देता आलं असतं. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, सात माणसं निवडा, त्यांच्यावर हे काम सोपवू. स्तेफन, फिलिप्प ते अंत्युखियाचा निकलाव, सातही नावं ग्रीक आहेत. नावांवरून दिसतं ते एवढंच की ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच लोकांच्या हातात वाटणीचं भांडं दिलं. मला बायबलमधला हा भाग फार आवडतो. आपल्या चर्चांमध्ये तो स्तेफनाच्या हुतात्मेपणाच्या घाईत वाचायचा राहून जातो.

तुमच्या हॉलचं तसंच करा. हॉल कुणी कधी घेतलाय याचं एकच रजिस्टर, आणि ते सांभाळायला दोन माणसं. एक तरुण संघातला, तो सरांनी निवडायचा. एक जुन्यांतला, तो पाळकसाहेबांनी निवडायचा. उलट नाही. सर पोरांकडे बघायला लागतील, यातलं धड अक्षर कुणाचं, वेळ कोण पाळतं. पाळकसाहेबांना जुन्यांपैकी कुणीतरी नावानं आठवावा लागेल. रजिस्टरमध्ये लिहिलं तेच खरं, मग तो पाळकसाहेबांचा सराव असो की सरांच्या भाच्याचं लग्न. आणि कमिटीत एक ठराव घ्या, सूचक-अनुमोदकासह इतिवृत्तात लिहून: पैसा किंवा जागा यांच्याशी संबंध असलेलं काहीही ठराव झाल्याशिवाय माइकवरून जाहीर करायचं नाही. ठरावात कुणाचं नाव नको, ‘गेल्या सुगीला घडलेल्या प्रकारामुळे’ वगैरे तर मुळीच नको.

हे लिहितेच आहे तर एक अवघड गोष्टही लिहून टाकते. अठरा वर्षं एकाच हातात हिशेब असणं बरं नाही, हात कितीही स्वच्छ असला तरी. सरांवर शंका म्हणून नाही. उद्या सर आजारी पडले तर खतावणी कुणाला वाचता येणार आहे? सहखजिनदार घ्या, दान मोजायला दर रविवारी दोघं बसू द्या, दोघांच्या सह्या. पण हे आत्ता मांडू नका. आत्ता मांडलंत तर सर म्हणतील, हेच हवं होतं यांना, आणि त्यांचं चूक म्हणता येणार नाही. सहा महिन्यांनी मांडा, जमलं तर सरांच्याच तोंडून.

गाण्यांचा वाद तुम्ही लिहिलेला नाही, पण कीबोर्डचा उल्लेख आहे म्हणजे तो असणारच. सर पेटी-तबल्यावरच्या टिळकांच्या भजनांचे, पोरं ड्रमची. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं आपल्या चर्चांत आली तेव्हा परदेशी चालींवरच्या भाषांतरित गीतांना सरावलेल्या कानांना तीही नवीनच होती, हे सरांना कधीतरी चहा पिताना सांगा. आणि पोरांना त्यातली दोन भजनं बसवायला सांगा. यापलीकडे या वादात शिरू नका, त्याला अंत नाही.

प्रभुभोजनाचं तुम्हाला फार वाईट वाटतंय. मला मात्र तिथंच आशा दिसली. सर उठून जातात याचा अर्थ त्यांना ते भोजन हलकं वाटत नाही. भावाशी मन दुखावलेलं असताना वेदीपाशी अर्पण ठेवून आधी जाऊन समेट कर, हे वचन ते विसरलेले नाहीत, फक्त जाऊन समेट करायची वाट त्यांना सापडत नाहीये. मन आंबलेलं ठेवून मुकाट्यानं भाकर-प्याला घेणारी माणसं मी जास्त पाहिलीत, त्यांचं अवघड असतं. तेव्हा ‘सर, लोक काय म्हणतील, बसा ना’ असा आग्रह कुणी करू नये. मागच्या बाकावरून ते उठतात तेव्हा वळून बघूही नये.

धर्मादाय आयुक्तांकडे जाणाऱ्यांना एवढंच विचारा की शेजारच्या गावांतली किती चर्चं तिथून भांडण मिटवून परत आली. विश्वस्तांत बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, दोन तट पडले की एकाच खुर्चीसाठी दोन अर्ज जातात, आणि मग तारखा. पोरं बापे होतात. हिशेबात खरंच अफरातफर असती तर मी वेगळं सांगितलं असतं, पण तुम्हीच म्हणता एका रुपयाचा घोळ नाही. वरचं कुणी हवंच असेल तर आधी डायसिस आहे, बिशप आहेत. तेही दुसऱ्या पायरीला, पहिलीला नाही.

‘पाळकसाहेबांची दोन-तीन वर्षांत बदली होईलच, तोवर ढकलू’ असंही काही जण म्हणत असतील. म्हणतातच. नव्या पाळकाला मग सामान उतरवायच्या आधी दोन्ही तटांची माणसं भेटायला येतात आणि तो कुणाकडे पहिला चहा प्यायला याची नोंद होते. आम्ही ते भोगलंय.

ऐक्य म्हणजे दोघांचं सगळ्यावर एकमत, असं मात्र धरून बसू नका. तुमचं चर्च ज्या सीएनआयचं, ती कशी झाली ते आठवा. बोलणी १९२९ला लखनौला सुरू झाली आणि सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र आल्या त्या २९ नोव्हेंबर १९७०ला, नागपुरात. ४१ वर्षं. एक अवघड गाठ बाप्तिस्म्याची. अँग्लिकनांकडे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा, बाप्टिस्टांकडे जाणत्या वयात विश्वास कबूल केल्यावर. कुणी कुणाला हरवलं नाही. दोन्ही पद्धती राहतील, असं लिहून ठेवलं आणि पुढे गेले. अगदी शेवटच्या वर्षी अमेरिकन परंपरेतल्या मेथॉडिस्टांनी माघार घेतली, तरी बाकीचे थांबले नाहीत. बाप्तिस्म्यासारख्या गोष्टीवर ज्यांना मतभेद ठेवून एकत्र राहता आलं, त्यांच्या नातवंडांना शनिवारचा हॉल जड जाऊ नये.

पौल आणि त्याचा सोबती बर्णबा तर मार्क नावाच्या तरुणाला बरोबर न्यायचं की नाही यावरून इतके भांडले की वाटाच वेगळ्या झाल्या. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला, पौल सीलाला घेऊन सूरियाकडे. पुढे कधीतरी पौल तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. मधल्या काळात काय झालं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्यामुळे तुमच्या दोघांनी पहिल्याच बैठकीत गळ्यात गळा घातला नाही तर खट्टू होऊ नका.

बैठक कशी करायची ते सांगते. आधी पाळकसाहेबांकडे एकटे जा. सरांचा निरोप म्हणून काहीही सांगू नका, स्वतःचं मत सांगा: जाहीर करण्याची जागा चुकली. त्यांनी सरांच्या घरी जायचं, सरांनी त्यांच्याकडे नाही. ते वयानं लहान आहेत आणि माइक त्यांच्या हातात होता, म्हणून पहिलं पाऊल त्यांचं. त्यांनी एकच वाक्य बोलायचं: ‘सर, तुम्हाला न विचारता मी लोकांसमोर बोललो, ते चुकलं.’ त्याला ‘पण’ जोडायचा नाही. मग सरांकडे जा, त्यांनाही एकट्यालाच भेटा. सांगा की पाळकसाहेब येणार आहेत आणि मी सोबत आहे. सर ‘कशाला?’ म्हणतील. ‘हॉलच्या रजिस्टरसाठी’ म्हणा. खोटं नाही ते. बैठकीला तिघांशिवाय कुणी नको. तरुण संघाचा अध्यक्ष नको, सरांचे जावई नकोत, आणि मोबाइल खिशात. विषय एकच, हॉल. दुसरा विषय निघाला की तुम्ही म्हणायचं, ‘पुढच्या वेळी.’ आवाज चढले तर चढू द्या, मध्ये पडून समजावू नका. तुम्हाला बोलायची सवय लागलीय, तुम्हालाच अवघड जाईल. शेवटी प्रार्थना करायची असेल तर ती सरांना करायला सांगा. नाही म्हणाले तर कुणीच करू नका, नुसता चहा घ्या.

रजिस्टर नवं घ्या, दोनशे पानी, पुठ्ठ्याचं. जुन्या पावतीपुस्तकाच्या कोऱ्या पाठींवर भागवायची आपल्या चर्चांची सवय मला ठाऊक आहे. पैसे सरांकडून मागा, आणि दुकानाची पावती त्यांना आणून द्या.